येळवशीला आलेली जीप

माझ्या नवऱ्याला एक खोड आहे. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस त्याला उपाशी वाटतो. मोबाइलच्या टॉवरवर काम करायला आलेला असो, विम्याचा एजंट असो, नाहीतर वाट चुकलेला पाहुणा असो, ‘या, दोन घास खाऊन जावा’ हे त्याच्या तोंडातून सुटतंच. भाकरी मला थापाव्या लागतात. त्यामुळं या खोडीबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी लग्नापासून त्याला ऐकवत आले आहे. येळवशीच्या दिवशी मात्र माझी बोलती बंद होते, कारण त्या दिवशी अख्खा धाराशिव जिल्हाच त्याच्यासारखा वागतो.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष सरता सरता अमावस्या येते, ती आमची येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात, बाजार बंद असतात आणि सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपी उभी करायची, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडायची आणि मग जेवायचं. भज्जी, म्हणजे हरभरा, तूर, शेंगा, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवलेलं कालवण. बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, खीर. शेताजवळून जाणाऱ्याला न जेवता सोडायचं नाही. तो जेवून उठला की दुसऱ्या शेतवाल्यानं त्याला पकडून आपल्या जीपमध्ये घालायचं आणि आपल्या शेतात परत जेवायला न्यायचं. याला आमच्याकडं जबरदस्ती म्हणत नाहीत, माया म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

आमची बेंबळीच्या शिवारात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात छाटणी झाली की दोनेक महिन्यांत घडांची विरळणी येते. घडात मणी फार दाटले तर एकमेकांना चेपतात, तडकतात आणि कुजतात, म्हणून कात्रीनं मधले मणी काढून टाकायचे. काम बोटांचं, मानेचं आणि चिकाटीचं. ते वेळेत झालं नाही तर बाग थांबत नाही. गावात माणूस मिळत नाही. आमच्या गावचे निम्मे हात त्या दिवसांत ऊस तोडायला कर्नाटकात गेलेले असतात. म्हणून आमच्याकडं बंगालची टोळी यायची. पाच पुरुष आणि त्यांच्या म्होरक्याची बायको, असे सहा जण. बागेतल्या शेडमध्ये राहायचे. ती सगळ्यांचा स्वयंपाक करून पुन्हा कात्री घेऊन ओळीत उभी राहायची.

तिचं आणि माझं आधी भांडणच झालं होतं. पहिल्याच आठवड्यात मी तिला डब्यातून पिठलं पाठवलं. कडीचा, स्टीलचा डबा, माझ्या रुखवतातला. तिनं तो लख्ख घासून परत आणून दिला, पण रिकामा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘‘अगं, रिकामा डबा परत देत न्हाईत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी.’’ तिला मराठी येत नव्हतं, मला बंगाली येत नव्हतं आणि दोघींचंही हिंदी ऐकण्यासारखं नव्हतं. तरी तिला कळलं. पुढच्या वेळी डब्यात मुरमुरे आले. मग एकदा मोहरीच्या तेलातले मासे आले. मासे माकणीच्या धरणातले, म्हणजे आमचेच, पण वास पार बंगालचा. मी तो डबा तीनदा घासला आणि नवऱ्यानं बोटं चाटली. त्यानंतर आमचं जमलं. ती मला दीदी म्हणायची, मी तिला ‘ए बंगाल’ म्हणायचे. ती चिडायची नाही. ती मला ‘ए बेंबळी’ म्हणायला लागली तेव्हा मात्र मी चिडले.

तिचं माहेर कुठलं, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, नदीकाठचं. गाव आता नाही, नदीनं खाल्लं. आधी शाळा गेली, मग बाजार, मग घर. लोक ज्याला जिथं जागा मिळाली तिथं गेले. कुणी या काठाला, कुणी त्या काठाला. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडंही धरणात गावं गेलीच की.

त्या वर्षी टीव्हीवर रोज बांगलादेशी, बांगलादेशी चाललं होतं. नवरा जेवताना बातम्या लावायचा आणि मी बंद करायचे. आमच्या बागेशी त्याचा काही संबंध असेल असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. बांगलादेश म्हणजे आमच्यासाठी आमची द्राक्षं जातात तो देश. व्यापारी माल बघायला यायचा तेव्हा म्हणायचा, ‘‘ह्यो माल बांगलादेशला चालंल.’’ एवढीच आमची ओळख.

येळवशीला दुपारी आम्ही कोपीपुढं पानं मांडत होतो, तेवढ्यात बांधावर पोलिसांची जीप थांबली. एक जमादार आणि दोन शिपाई उतरले. दुसरा कुणी मागं सरला असता. माझा नवरा पळत सामोरा गेला. ‘‘या या साहेब, बराबर टायमाला आलात!’’

जमादार चाळिशीचा, इकडचाच. कोप दिसताच त्यानं बूट काढले, पांडवांना हात जोडले. मग म्हणाला, ‘‘मालक, बागंत भायेरची टोळी हाय न्हवं?’’

‘‘हाय की. थांबा, बोलावतो. त्यांना सोडून पंगत बसंल व्हय?’’

आणि नवऱ्यानं बांधावर उभं राहून दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. ‘‘या रं समदे! जेवायला या!’’ वेलींखालून सगळे बाहेर आले. बोटं चिकट, केसांत वाळलेली पानं. पोलिसांना बघून ते जरा थबकले, पण नवरा पानं दाखवत होता, जमादार मांडी घालून बसला होता, मग तेही बसले. एका ओळीत शिपाई, बंगाली, शिपाई, बंगाली. मी वाढत होते आणि ती आंबील वाढत होती. जमादाराच्या वाटीत तिनं तीनदा आंबील ओतली. तो खाली मान घालून प्यायला.

जेवण झाल्यावर तो हात धुऊन आला आणि टोळीला म्हणाला, ‘‘चला, समदे गाडीत बसा.’’

म्होरक्यानं माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवरा हसून म्हणाला, ‘‘जावा की! साहेबांच्या शेतातली भज्जी बी खाऊन या. येळवशीला न्हाय म्हणू ने!’’

जमादारानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, ढेकर आला असेल.

आमच्याकडं जीपमध्ये किती माणसं मावतात याला हिशेब नसतो. सगळे हसत हसत कोंबून बसले. मी धावत कोपीत गेले, डब्यात शेंगाच्या पोळ्या आणि भज्जी भरली आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, ‘‘ह्यो साहेबाच्या घरी दे. आन रिकामा घेऊन येऊ नगंस.’’ ती हसली. म्हणाली, ‘‘पता है, दीदी.’’

जमादार माकणीकडचा, हे जेवताना बोलण्यात निघालं होतं. जीप त्या बाजूला वळायला हवी होती. ती धाराशिवच्या बाजूला वळली. मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘‘आधी शहरातनं कुणाला तरी उचलणार असंल.’’ शब्द बरोबर होता. अर्थ आम्हाला दुसऱ्या दिवशी कळला.

टोळी रात्रभर परतली नाही म्हणून आम्ही धाराशिवला गेलो. ठाण्याच्या व्हरांड्यात माणसंच माणसं. जिल्हाभरातून आणलेली, सगळी बंगाली बोलणारी. जमादार आम्हाला बघून दुसऱ्या खोलीत निघाला होता. मी त्याला गाठलंच. विचारलं, ‘‘आमच्या ताटात जेवून हे करायचं होतं, तर आधी सांगायचं तरी!’’

‘‘खाल्ल्या जागी कसं सांगू वहिनी? जीभ रेटंना. वरनं आदेश हाय, म्या काय करू?’’

पुरुषांची चौकशी त्यांच्या गावी होईल, तिथून होकार आला की सोडू, असं तो म्हणाला. तिचं अवघड आहे. तिनं जे जन्मगाव सांगितलं ते गावच नाही आणि नवऱ्याचं गाव चालत नाही. गाव नाही तर होकार कोण देणार? मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, ‘‘माझं बी जुनं गाव धरणाच्या पाण्यात हाय. समजतंय मला.’’

‘‘मग तुमाला का न्हाय उचललं?’’

तो चिडला नाही. म्हणाला, ‘‘म्या मराठी बोलतो, वहिनी.’’

तो खोटं बोलत होता की खरं, तो चांगला माणूस की वाईट, मला आजही ठरवता येत नाही. ज्या दिवशी ठरवते की वाईट, त्या दिवशी त्याची ती खाली घातलेली मान आठवते. चांगला म्हणावं तर ती आठवते, व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर माझा डबा, कडी तशीच लावलेली. रात्रभर उघडला नव्हता. मला बघून रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, ‘‘दीदी, ये डब्बा किसको देना है?’’

मी म्हटलं, ‘‘तूच खा.’’

काही दिवसांनी पुरुष सुटले, पण बागेत आले नाहीत. पहिली गाडी मिळाली तिनं गेले. म्होरक्या तेवढा मागं राहिला. तिला दुसऱ्या शहरात हलवलं होतं, तो तिथं गेला, तर तिथून कुठं नेलं ते कुणी सांगेना. तो रोज माझ्या नवऱ्याला फोन करायचा. नवरा ‘बघतो, विचारतो’ म्हणायचा आणि फोन ठेवून नुसता बसून राहायचा. कुणाला विचारायचं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आमदाराच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, या भानगडीत पडू नका. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, ती तुमची कोण? खरंच, कोण? मजूर म्हणावं तर नुसती मजूर नव्हती. बहीण म्हणावं तर तिच्या गावाचं नावही मला नीट उच्चारता येत नव्हतं.

इकडं बाग कुणासाठी थांबली नाही. आमची टोळी गेल्याची बातमी फुटली आणि आसपासच्या बागांतल्या बंगाली टोळ्या रातोरात निघून गेल्या. आमचा शेजारी सकाळी हॉटेलात चहा पिताना ‘हाकला समद्यांना’ म्हणून टेबलावर हात आपटत होता. संध्याकाळी तोच आमच्या दारात. ‘‘वहिनी, कुठं मजूर मिळतोय का बघा की. माझं घड गच्च झालंत.’’ मी म्हटलं, ‘‘सकाळी हाकललेत न्हवं तुम्ही?’’ तो म्हणाला, ‘‘त्ये येगळं.’’ तो काही वाईट माणूस नाही, माझ्या बाळंतपणात त्याच्याच गाडीतून मी दवाखान्यात गेले होते. मला रागही धड येईना.

मी, दोन जावा आणि गावातल्या चार बायका कात्र्या घेऊन बागेत उतरलो. मानेचे काटे ढिले झाले. तरी अर्ध्या बागेला हात लागला नाही. त्या घडांत मणी मण्याला चेपला, फुटला, रस गळाला आणि माश्या बसल्या. आंबूस वास घरापर्यंत यायचा. बाजारात आधी तडकलेल्या द्राक्षांचे ढीग लागले, कुणी कुत्र्यापुढं टाकीना. आणि ऐन उन्हाळ्यात चांगला घड औषधालाही मिळेना. धाराशिवच्या दुकानातून द्राक्षं विकत आणायची पाळी आम्हा बागाईतदारांवर आली. माझ्या नातवंडांना ते लई गमतीचं वाटलं.

व्यापारी आला तो तोंड पाडूनच. माल बघून म्हणाला, निवडून थोडा नेतो. बांगलादेशच्या गाड्या सीमेवर उभ्या आहेत, त्यांनी फळावरचा कर वाढवलाय. नवऱ्यानं विचारलं, ‘‘का वाढवला?’’

‘‘राग आला असंल.’’

‘‘कशाचा?’’

‘‘आपण माणसं तिकडं ढकलालोत न्हवं.’’

पुढच्या खेपेला तोच म्हणाला, रागाबिगाचं काही नाही, त्यांच्याकडं डॉलर नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाला, दोन्ही सरकारं आतून एकच आहेत. टीव्हीवर तर प्रत्येक जण वेगळंच सांगत होता आणि सगळे खात्रीनं सांगत होते. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. दोन देशांचं रुसणं-फुगणं माझ्या घडावर येऊन कसं बसतं, हे मी कितीदा मांडून बघितलं. दर वेळी ती मध्येच येऊन बसायची, मांडीवर डबा घेऊन, आणि सगळं विसकटायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी एका विचित्र नंबरवरून फोन आला. आकडे बघून मला वाटलं कर्जवाले. दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलून शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर पलीकडून आवाज आला, ‘‘ए बेंबळी.’’

‘‘कुठं हाईस गं?’’ मी ओरडलेच.

ती तिकडं होती. बांगलादेशात. अंधारात गाडीतून उतरवलं, एका शेतातून चालायला लावलं आणि मागं बघू नका म्हणाले. ‘शेत आपल्यासारखंच होतं, दीदी,’ ती म्हणाली. तिच्या नवऱ्याच्या कुणा लांबच्या आत्याकडं राहते, त्या घरी तिला कुणी आधी कधी पाहिलेलं नाही. नवरा इकडं, ती तिकडं. परत येता येईल का, तिला माहीत नाही, त्याला माहीत नाही, मला काय माहीत असणार?

माझ्या ओठांवर एक प्रश्न आला होता. तू मुळात कुठली? या काठाची की त्या काठाची? मी तो विचारला नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी त्याचं मी काय केलं असतं, हे मला कळत नव्हतं. लाज याची वाटली की प्रश्न आला.

मग तिनंच विषय बदलला. म्हणाली, तिथल्या बाजारात द्राक्षं बघितली. फार महाग, कुणी गरीब घेत नाही, नुसते बघतात. घड हातात घेऊन बघितला तर मणी गच्च, मधून काढलेले नाहीत. ‘‘विरळणी नहीं हुआ था, दीदी. अपनाही होगा.’’

व्यापाऱ्यानं नेलेला थोडा माल कुठं गेला देव जाणे. तो तिथं गेला असेल असं म्हणणं म्हणजे वेडेपणा आहे. पण घड सीमा ओलांडून गेला, तीही गेली, विरळणी घडांची राहिली आणि माणसांचीच झाली, असं काहीतरी भलतंच माझ्या मनात आलं. मी रडत होते आणि ती मला समजावत होती, खरं तर उलटं असायला हवं होतं.

फोन ठेवताना ती म्हणाली, ‘‘आपका डब्बा है मेरे पास. खाली कैसे दूँ?’’

त्यानंतर तो नंबर लागला नाही.

यंदा पुन्हा येळवस झाली. बागेत नवी टोळी आहे, सातपुड्याकडची, चौघी बाया आणि तीन गडी. चांगली माणसं आहेत. दुपारी पानं मांडली. नवरा बांधावर गेला आणि त्यानं तशीच हाक मारली. ‘‘या रं समदे! जेवायला या!’’

वेलींतून कुणी बाहेर आलं नाही.

त्यानं पुन्हा हाक मारली. ओळींत कात्र्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. मग माझ्या लक्षात आलं. लातूरहून आमचा भाचा आला होता, त्याची पांढरी जीप बांधावर उभी होती. या माणसांना कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण गावात गोष्टी लपत नाहीत. नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्याचे हात तोंडापासून खाली आले. इतक्या वर्षांत त्याची हाक वाया गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्यानं भाच्याला सांगितलं, ‘‘गाडी लांब नेऊन लाव.’’ तरी कुणी येईना.

शेवटी मीच ताट वाढून बागेत गेले. सगळ्यात पुढच्या बाईनं ताट घेतलं, उभ्यानंच खाल्लं, डोळे बांधाकडं. खाऊन झाल्यावर तिनं ठिबकच्या नळीवर ताट धुतलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. लख्ख, रिकामं.

रिकामं भांडं परत देत न्हाईत, हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि ताट घेऊन दुसरं वाढायला कोपीकडं निघाले.